पिकअपचे पुढचे पॅड सारखे संपतात, गाडी एका बाजूला ओढते: नवे पॅड टाकण्याआधी हे तपासा

पुढचे पॅड बदलले की काही दिवस सगळं छान चालतं. मग पुन्हा तीच करकर. ब्रेक दाबला की स्टेअरिंग डावीकडे जायला लागतं, आणि चाक उघडून बघावं तर एका बाजूचा आतला पॅड पत्र्यापर्यंत घासलेला, डिस्कवर खोल चरे. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं असतं: "लोकल पॅड टिकत नाहीत, कंपनीचे टाका." कंपनीचे टाकले तरी थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

पॅडच निकृष्ट असते तर चारही साधारण सारखेच झिजले असते. चारांतला एकच झिजतो, किंवा एकाच चाकाचे दोन्ही झिजतात, तेव्हा दोष पॅडमध्ये नसतो. पॅडला दाबणाऱ्या, धरणाऱ्या किंवा सोडणाऱ्या कशात तरी असतो. तो सापडेपर्यंत कितीही महागडे पॅड टाका, बिल तेवढं वाढेल.

पुढचं सगळं बोलेरो पिकअप डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण पुढे डिस्क, मागे ड्रम आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंग) अशी रचना असलेल्या बहुतेक पिकअपना ते लागू पडतं. बोल्ट किती आवळायचा, डिस्क किती पातळ चालते हे आकडे मात्र आपापल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

जुने पॅड फेकू नका

पॅड काढले की लगेच मागच्या पत्र्यावर मार्करने लिहा: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. मग चारही एका फळीवर मांडा. अर्धं निदान इथेच होतं.

एकाच चाकात आतला संपलेला आणि बाहेरचा जाड असेल तर कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, त्याच्या पिनांवर सरकत नाहीये, किंवा त्याच्यातला पिस्टन मागे येत नाहीये. उलट, बाहेरचा जास्त झिजला असेल तर संशय जवळपास पिनांवरच: पिस्टन सुटतो, पण कॅलिपर डिस्कला धरून बसतो. पॅड तिरका झिजलाय, एक टोक जाड आणि दुसरं पातळ? दोनपैकी एक पिन जाम आहे, किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने अडकलेत. एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्याचे दोन्ही जाड असतील तर रबर पाइपकडे, म्हणजे होजकडे बघायचं. आणि चारही पॅड अगदी सारखे पण फार लवकर झिजत असतील तर पुढच्या चाकांशी झटापट करण्यात अर्थ नाही. मागचा ब्रेक काम करत नाहीये. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. त्यावर पुढे सविस्तर येतो.

पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर तो जळालाय. पॉलिश पेपरने घासून परत बसवू नका.

उघडण्याआधी दोन गोष्टी

टायरची हवा बघा. दोन्ही पुढच्या टायरमध्ये हवेचा फरक असेल तरी गाडी ओढते, आणि लोक कॅलिपर खोलून बसतात.

मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा आणि गिअरवर वेग कमी करत थांबा. उतरून दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, आधी धग बघा. एक चाक कोमट आणि दुसरं भाजणारं असेल तर त्या बाजूचा ब्रेक चिकटलेला आहे. हल्ली तापमान बघायची इन्फ्रारेड गन स्वस्तात मिळते, तिने हे आणखी सोपं होतं.

ब्रेक न दाबताही गाडी ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते ती बाजू बहुधा चिकटतेय. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर उलट शक्यताही असते. डावीकडे ओढतेय याचा अर्थ डावा ब्रेक जोरात लागतोय असाही होतो आणि उजवा लागतच नाहीये असाही. म्हणून दोन्ही बाजू उघडायच्याच.

गाडी उचलताना

गाडी रिकामी, जमीन पक्की आणि सपाट, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. जॅकने उचला आणि लगेच स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. विटांच्या थप्पीवर तर अजिबात नाही. भाराखाली वीट इशारा न देता फुटते.

ब्रेकची काळी धूळ तोंडाने किंवा कंप्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये (मागच्या ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये) ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने धूळ ओली करून पुसा.

कॅलिपरच्या पिना

कॅलिपरला पिस्टन एक असो की दोन, ते डिस्कच्या एकाच बाजूला असतील तर तो सरकणारा कॅलिपर. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच्या उलट धक्क्याने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढतो. पिना सरकल्या नाहीत तर आतला पॅड एकटाच राबतो. खडी, चिखल, उसाच्या फडातली माती आणि जोडीला चार महिन्यांचा पाऊस, अशा वापरात पिनांवरचे रबरी बूट फाटतात, पाणी आत जातं आणि पिन गंजते. पॅड बदलताना पिन काढून साफ करायला काही मिनिटं लागतात. घाईत हेच काम राहून जातं, आणि एकाच बाजूचा पॅड सारखा संपण्याचं हे पहिलं कारण आहे.

कॅलिपर सोडवला की तो रबर पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने चेसिसला टांगा. दोन्ही पिना बाहेर ओढा. कोणती वरची, कोणती खालची याची खूण ठेवा, कारण बऱ्याच कॅलिपरमध्ये त्या वेगळ्या असतात. एकीवर रबरी रिंग किंवा सपाट कडा असते. गंज बारीक पॉलिश पेपरने निघाला तर ठीक. पिनेला खड्डे पडले असतील तर पिन आणि बूट यांचं किट आणा, ते फार महाग नसतं. पिनेचं भोकही साफ करा. तळाशी जुनं ग्रीस साचून घट्ट झालेलं असतं आणि ते पिनेला पूर्ण आत जाऊ देत नाही.

आता ग्रीस. बेअरिंगचं किंवा चेसिसचं ग्रीस पिनांना लावायचं नाही. ते पेट्रोलियमचं असतं. त्याने ब्रेकचं रबर फुगतं, आणि फुगलेलं रबर पिनेला धरून ठेवतं. म्हणजे ज्या दुखण्यासाठी ग्रीस लावलं तेच पुन्हा. ब्रेकच्या पिनांसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस वेगळं मिळतं, ते पातळ थरात लावा. याच कारणासाठी कॅलिपरचं रबर डिझेल-पेट्रोलने धुवायचं नाही.

पॅडचे कान जिथे बसतात त्या ब्रॅकेटच्या खाचा वायर ब्रशने घासा. नवा पॅड खाचेत हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर तो परत येणारच नाही.

पिस्टन आणि होज: एकाच चाचणीत दोन्ही

नवे पॅड बसवायला पिस्टन मागे दाबावाच लागतो, तेव्हाच ही चाचणी होऊन जाते. आधी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. काठोकाठ भरलेली असेल तर थोडं काढून घ्या, नाहीतर पिस्टन दाबताना ऑइल बाहेर येईल. ते रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. सहज आत गेला तर पिस्टन आणि होज दोन्ही ठीक. अडला तर जोर वाढवू नका. ब्लीडिंगच्या, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायच्या, निपलला नळी लावा, निपल किंचित उघडा आणि पुन्हा दाबा. आता पिस्टन सरळ आत गेला, तर पिस्टन चांगला आहे आणि ऑइलला परत जायची वाट बंद आहे. गुन्हेगार बहुधा होज. निपल उघडूनही हलत नसेल तर पिस्टन गंजलाय.

होज बाहेरून धडधाकट दिसते म्हणून सुटते. तिचं आतलं अस्तर फुगतं किंवा सुटून लोंबतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण पाय सोडल्यावर परतीला तेवढा जोर नसतो. ब्रेक लागून राहतो, चाक तापतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुटतं, त्यामुळे गॅरेजला पोचेपर्यंत सगळं ठीक दिसतं. बदलताना दोन्ही बाजूंच्या होज एकदम बदला आणि तांब्याचे वॉशर नवेच टाका.

पिस्टनबद्दल एवढंच: त्याला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. कॅलिपरच्या आतली चौकोनी कडेची रबरी सील ब्रेक दाबताना किंचित पिळली जाते आणि सोडल्यावर पिस्टनला केसभर मागे आणते. सील कडक झाली किंवा पिस्टनवर गंज आला की ते केसभर अंतर जातं आणि पॅड डिस्कला घासत राहतो. किट टाकता येतं. पण पिस्टनला खड्डे असतील तर त्याच पिस्टनवर नवी सील बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

दोन्ही पुढची चाकं सारखीच चिकटत असतील तर एकेक कॅलिपर खोलण्याआधी पॅडलचं फ्री प्ले, म्हणजे ब्रेक लागायला लागेपर्यंतची मोकळी चाल, बघा. पॅडल किंवा बूस्टरचा रॉड मास्टर सिलिंडरला (पॅडलच्या जोराने ऑइल पाइपात ढकलणाऱ्या सिलिंडरला) कायम थोडा दाबून ठेवत असेल तर ऑइल टाकीत परत येत नाही.

मागचा ब्रेक, आणि वाढवलेला पाटा

आता तो शेवटचा प्रकार: चारही पॅड सारखे, पण लवकर संपणारे.

भरलेल्या पिकअपमध्ये मागच्या चाकांवर मोठा भार असतो, म्हणून मागच्या ब्रेकने आपला वाटा उचलायलाच हवा. रिकाम्या गाडीत मात्र तेवढाच दाब मागे गेला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी होते. हे जमवण्यासाठी बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याला एलएसपीव्ही म्हणतात. व्हॉल्व्ह चेसिसवर, त्याचा दांडा किंवा स्प्रिंग ॲक्सलला. माल भरला की चेसिस खाली बसतं, दांडा फिरतो आणि मागे जादा दाब जातो.

आपण काय करतो? माल जास्त बसावा म्हणून मागे जादा पाटा टाकतो. आता दीड टन भरला तरी चेसिस पूर्वीइतकं खाली बसत नाही. व्हॉल्व्हच्या हिशोबी गाडी अर्धी रिकामी. मागे दाब जातो कमी, आणि सगळं ओझं पुढच्या पॅडवर येतं. पाटा वाढवल्यापासून पॅड लवकर जायला लागले असतील तर पहिला संशय यावरच घ्या.

दांडा तुटलेला, बूश गळलेला, व्हॉल्व्ह गंजून जाम, किंवा कोणीतरी दांडा तारेने एका जागी बांधलेला, हेही बघायला मिळतं. तारेने वर किंवा खाली बांधून "सेटिंग" करणं हा जुगार आहे. भरलेल्या गाडीला बरं वाटेल असं बांधलं तर रिकामी गाडी पहिल्या पावसात गोल फिरेल. तपासणी सोपी आहे: गाडी रिकामी असताना दांड्याचा फोटो काढा, माल भरल्यावर पुन्हा काढा. दांडा हललेला दिसला पाहिजे. सेटिंग मात्र प्रेशर गेज असलेल्या वर्कशॉपमधूनच करून घ्या. हे काम अंदाजाचं नाही.

मग ड्रम उघडा. हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना ठोकळे. ड्रम निघत नसेल तर ॲडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ-लांब करणारा भाग) मागे घ्या; बऱ्याच ड्रमवर दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यांत बोल्ट आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो. घण घालू नका. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठे होती ते दुसरीकडे बघता येतं.

लायनर ओला असेल तर ऑइल कोणतं ते ओळखा. पातळ असेल तर व्हील सिलिंडर (लायनर ड्रमवर दाबणारा) गळतोय. दाट, गंधकासारखा वास असेल तर ते क्राउनचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं ऑइल. ॲक्सलची सील गेली. सील बदलताना क्राउनचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायची वाट, तीही साफ करा. ती चिखलाने बुजली की आत हवा तापून दाब वाढतो आणि ऑइल नव्या सीलमधूनही बाहेर ढकललं जातं. भिजलेला लायनर पेट्रोल टाकून जाळून वापरायची पद्धत आहे. ती सोडून द्या. ऑइल खोल मुरलेलं असतं, तापल्यावर परत वर येतं. लायनर दोन्ही बाजूंचे नवे टाका.

लायनर कोरडा आणि जाड असला तरी तो ड्रमपासून लांब असू शकतो. ड्रम बसवून ॲडजस्टरचं दातेरी चाक फिरवा, हलकी घासण जाणवली की किंचित मागे घ्या. हँडब्रेकची केबल सगळ्यांत शेवटी जुळवा. लायनर न जुळवता नुसती केबल ताणली तर हँडब्रेक कडक वाटतो, पण पायाचा ब्रेक तसाच राहतो.

ऑइल आणि हवा काढणं

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यावरचा किमान आकडा १४० वर येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. हे पुस्तकी वाटत असेल तर नारायणगाव-ओतूरकडून टोमॅटो भरून माळशेजने कल्याणकडे उतरणारी गाडी घ्या. गाडी आणि माल मिळून ३ टन, उतार उभ्या उंचीत ५०० मीटर धरला तर सुमारे १ कोटी ४७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ५० लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला साधारण एवढीच उष्णता लागते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन त्यातला मोठा वाटा घेतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की ती सगळी ब्रेकवर येते, जुनं ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते आणि पॅडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल, सीलबंद डब्यातलं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

हवा काढायला एक माणूस पॅडलवर हवा. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे पुढे, म्हणून मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. पॅडल दाबून धरायला सांगा, निपल उघडा, बंद करा, मगच पॅडल सोडायला सांगा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. एलएसपीव्ही असलेल्या गाडीत मागचे स्टँड चेसिसखाली न लावता ॲक्सलखाली लावा. ॲक्सल लोंबकळत राहिला तर व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागे ऑइल नीट येत नाही.

पॅडल मऊ लागत असेल तर हवा राहिलीय. दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल तर मागचे लायनर लांब आहेत. आणि दाबून धरल्यावर, कुठेही गळती नसताना, हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडरची रबरं गेलीत. एबीएस असलेल्या काही गाड्यांत हवा काढायला स्कॅनर लागतो. तिथे आणि मास्टर सिलिंडरच्या कामात चांगल्या मिस्त्रीला पैसे देणं मला तरी स्वस्त वाटतं.

रस्त्यावर न्यायच्या आधी

गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत मारा. पिस्टन मागे दाबल्यामुळे पहिले काही दाब पोकळ जातात, आणि अंगणातून थेट भिंतीत गेलेल्या गाड्या याच चुकीच्या आहेत. डिस्कला तेलकट हात लागला असेल तर क्लीनरने पुसा. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या खाली गेली असेल तर लेथवर घासायला देऊ नका, नवी जोडी आणा.

मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक लावा. मध्ये थंड व्हायला वेळ द्या. पहिल्याच दिवशी माल भरून घाटात जाऊ नका. शे-दीडशे किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून बघा. हजारेक किलोमीटरला कॅलिपरच्या खिडकीतून चारही पॅडची जाडी बघून लिहून ठेवा. ज्या बाजूचा आकडा वेगळा पडेल, त्या बाजूच्या पिना आणि होज पुन्हा तपासा, पॅड नाही.